काटेवाल्याचा डावा पाय

दुसरा गिअर पडला, गाडीने हिसका दिला आणि मागे बसलेल्या काटेवाल्याचं हेल्मेट पुढे बसलेल्या बायकोच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. आजची ही सतरावी टक्कर. काटेवाला मोजत होता. मोजणं हा त्याचा धंदाच होता, आणि मागच्या सीटवर बसून माणूस दुसरं काय करणार?

“क्लच एकदम टाकलास,” तो म्हणाला.

“तुम्हीच म्हणालात, सोड.”

“सोड म्हणालो. टाक नाही म्हणालो.”

बायको सकाळच्या वेळात एका दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम करायची, त्यामुळे दाढ दुखणाऱ्या माणसांची बोलणी ऐकून घ्यायची तिला सवय होती. नवऱ्याचं बोलणं ती गेले बारा दिवस त्याच खात्यात जमा करत होती. तिने आवाराच्या टोकाशी गाडी वळवली, पुन्हा पहिला टाकला, पुन्हा काटेवाल्याने तिच्या उजव्या खांद्यावर थाप मारली, म्हणजे ‘आता दुसरा’, आणि पुन्हा टक्कन झालं. अठरा.

आवार होतं मेहुण्याच्या गोदामामागचं. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, खिळे-कुलपं-नळांच्या सामानाचं मोठं दुकान असलेला. जागा आपली म्हटल्यावर फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा हक्कही आपलाच, असं त्याचं सरळ गणित होतं. तो रोज अर्धा तास येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि जाताना न चुकता तेच सांगायचा की बिनगिअरची स्कूटर घ्या, नाहीतर सरळ माझ्या दुकानात येऊन बसा. वजनकाट्याशेजारी खुर्ची ठेवतो, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल, असंही वर म्हणायचा. हा विनोद त्याला स्वतःला फार आवडत असे.

काटेवाल्याला मात्र तो ऐकून रोज नव्याने तळपायाची आग मस्तकात जायची. गेली बावीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत होता. किराणा दुकानातले काटे, सोनाराचे नाजूक काटे, ट्रक उभे करायचे भलेमोठे काटे, सगळे. सकाळी मोटारसायकल काढायची, मागे प्रमाण वजनांचा खोका बांधायचा आणि दिवसभरात दहा-बारा ठिकाणी जाऊन काटा खरं बोलतोय की खोटं ते सांगायचं. गिऱ्हाईक चिडलं तरी आकडा बदलायचा नाही, हा त्याचा ताठा साऱ्या बाजाराला ठाऊक होता. सात महिन्यांपूर्वी एका ट्रककाट्याखालच्या खड्ड्यात उतरताना शिडीची पायरी निसटली आणि डावा घोटा फुटला. हाडं जुळली, आत स्क्रू बसले, काठी हातात आली. पण मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने टाकतात, आणि त्याचं डावं पाऊल आता फळीसारखं ताठ होतं.

सात महिने गिऱ्हाइकांनी कळ काढली. आता त्यांच्यापैकी तिघांनी दुसरा माणूस धरला होता. आणि औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या बाईंनी, जिथे अठ्ठावीस काटे होते आणि जिथे तो चौदा वर्षं दर सहा महिन्यांनी जात होता, फोन करून स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी सकाळी नऊला तुम्ही आला नाहीत तर यापुढे काटे बनवणारी कंपनीच आपला माणूस पाठवेल. टॅक्सी करून एक दिवस जाता आलं असतं. पण टॅक्सी दहा दुकानांसमोर दहा वेळा थांबत नाही, आणि बाजारातल्या गल्ल्यांत तर शिरतच नाही. फेरी मोटारसायकलवरच व्हायची. सोमवारपासून फेरी सुरू झाली तर काटेवाला काटेवाला राहणार होता, नाहीतर मेहुण्याच्या दुकानातली ती खुर्ची होती.

म्हणून बायको. लग्नाआधी तिने भावाची मोटारसायकल चालवून, आठचा आकडा काढून दाखवून परवाना मिळवला होता आणि त्यानंतर पंचवीस वर्षं गाडीला हात लावला नव्हता. दवाखान्यातून दुपारी सुटका झाली की ती बरोबर येणार, ती चालवणार, तो मागे वजनांचा खोका मांडीवर घेऊन बसणार, असं ठरलं. खोका मागे बांधायची सोय नव्हती, कारण तिथे आता तो स्वतः होता. खोक्यात मखमलीच्या खाचांत चकचकीत वजनं बसवलेली असायची. त्यांतल्या एकावर जरी ओरखडा गेला तरी ते केसभर हलकं होतं आणि मग त्याने जगातला कुठलाच काटा तपासता येत नाही. प्रत्येक हिसक्याला तो खोका बायकोच्या पाठीत रुतायचा आणि आतली वजनं खुळखुळायची. ते खुळखुळणं ऐकून काटेवाल्याचा जीव टांगणीला लागायचा. बायकोच्या पाठीचं काय होत होतं, ते त्याने विचारलं नव्हतं.

शिकवायची त्याची पद्धत त्याच्यासारखीच होती. फ्रिजवर त्याने कागद चिकटवला होता. एक, रेस सोडणे. दोन, क्लच दाबणे. तीन, पाऊल उचलणे. चार, क्लच सोडणे. पाच, रेस देणे. बायको पोळपाटाशी उभी असतानासुद्धा तो तिच्याकडून हे म्हणवून घ्यायचा. ती म्हणायची, आणि गाडीवर बसली की अगदी तसंच करायची, एक झाल्यावर दोन, दोन झाल्यावर तीन. तोवर इंजिन बसून जायचं, आणि क्लच सुटला की गाडी नाक खाली घालायची. स्वतः काटेवाल्याने बावीस वर्षांत एकदाही असं पाच हप्त्यांत काम केलं नव्हतं. त्याचा हात आणि पाय काय करतात ते त्याला कधी कळलंच नव्हतं, कळायची गरजही पडली नव्हती. आता सांगायची वेळ आल्यावर त्याने ते आपल्या मनाने बनवून सांगितलं होतं. एवढा मोजमापाचा माणूस, पण अंदाजपंचे.

“तुम्ही थाप मारायच्या आधीच मला वाटतं, की आता टाकावा,” बायको एकदा म्हणाली होती. “इंजिन ओरडायला लागतं ना.”

“इंजिनाचं ऐकू नकोस, माझं ऐक,” काटेवाला म्हणाला होता.

त्याच दिवशी, शुक्रवारी, सव्विसावी टक्कर झाली तेव्हा गाडी बंदच पडली. मेहुणा खुर्चीवरून म्हणाला की चोवीस आणि पंचवीस जरा बऱ्या होत्या. म्हणजे तोही मोजत होता. काटेवाल्याचा तोल गेला. काय काय बोलला ते त्याचं त्यालाही नंतर धड आठवलं नसतं, पण आवाज गोदामापलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला. मंद डोकं, जड हात, सांगून सांगून तोंडाला फेस आला, असं बरंच काही. आणि शेवटी, आवाज खाली आणून, म्हणून जास्त लागेल असं, तो म्हणाला, “तुझ्याच्याने हे व्हायचं नाही.”

बायको गाडीवरून उतरली. तिने गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, केस नीट केले.

“एक विचारू?” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले ना, अजून तीन-चार महिन्यांनी पाऊल वाकायला लागेल? मग तेवढ्यासाठी माझा आणि तुमचा एवढा छळ कशाला? तीन महिने बसा की दादाच्या दुकानात. नंतर आहेच की तुमची गाडी.”

ती रागाने म्हणाली नव्हती. खरंच विचारत होती. पण डॉक्टर असं काही म्हणालेच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी, ती बाहेर औषधांच्या रांगेत उभी असताना, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून त्याला शांतपणे सांगितलं होतं की सांधा गेला, पाऊल आता आहे तसंच राहील. बाहेर येऊन त्याने बायकोला सांगितलं, पाच-सहा महिने. जिभेवर तेच आलं. एकदा बोलल्यावर ते त्यालाही बरं वाटलं आणि मग ते तसंच ठेवलं. बिनगिअरची स्कूटर घरात आली असती तर मोटारसायकल विकावी लागली असती, पाय बरा होणार तर गाडी का विकता असं बायकोने विचारलं असतं आणि मग हे खोटं उघडं पडलं असतं. म्हणून स्कूटर नको. बायकोने शिकावं असं त्याला वाटत होतं, आणि ती शिकली की आपली जागा कायमची मागे जाणार हेही दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत असताना माणूस दुसऱ्याला काय डोंबल शिकवणार?

“खोका घेऊन उतरा,” बायको म्हणाली. “जरा फाटकाशी उभे राहा. मला एकटीला दोन फेऱ्या मारू द्या. तुमचं तोंड दिसलं नाही तर बरं होईल.”

तो उतरला. उतरतानाही त्याला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, हे आणखी वर. लंगडत फाटकाशी गेला. मेहुण्याने पहिल्यांदाच काही न बोलता खुर्ची दिली आणि दुकानाकडे निघून गेला. काटेवाला बसला नाही. खोका खुर्चीवर ठेवून, काठी टेकून तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. रुसल्यावर लहान मूल उभं राहतं तसा.

मागे गाडी सुरू झाली. पहिला पडला. गाडी निघाली, इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि काटेवाल्याच्या अंगात आपोआप सगळं तयार झालं. आता. त्याच क्षणी मागे आवाज किंचित खाली आला आणि दुसऱ्या सुरात पुढे निघाला. हिसका नाही, खडखड नाही. एक, दोन, तीन, चार, पाच यांतलं काहीच वेगळं ऐकू आलं नाही. आणि काटेवाला मात्र धडपडला. त्याचा ताठ डावा पाय जमिनीवरून वर उचलला गेला होता, कुणी न सांगता, गिअर टाकायला. तोल पुढे गेला, काठी सटकली आणि त्याने फाटकाचा गज धरला म्हणून तोंडावर आपटला नाही.

तो तसाच गज धरून उभा राहिला. गाडी वळून परत आली. यावेळी त्याने लक्ष ठेवलं, तरी तेच. तिसऱ्याला पाय उचलला, छाती पुढे गेली. म्हणजे रोज मागे बसून तो हेच करत होता. बायको गिअर टाकायच्या आधी हा मागून टाकत होता, पाय उचलून पुढे कलंडत होता, तिच्या डोक्यावर डोकं आपटत होता, पाठीत खोका खुपसत होता, आणि वर खांद्यावर थाप मारून तिला तिच्या वेळेपेक्षा उशिरा गिअर टाकायला लावत होता. सव्विसांपैकी तिच्या किती आणि आपल्या किती, याचा हिशेब त्याने केला. हिशेब फारच वाईट आला.

आनंद व्हायला हवा होता. सोमवार वाचला होता, धंदा वाचला होता. पण त्याला आनंद झाला नाही. त्याची गाडी त्याच्यावाचून त्याच्यासारखीच चालत होती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

बायको त्याच्यासमोर येऊन थांबली. चेहरा लाल झाला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि ती बारा दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

“कसं होतं?”

बावीस वर्षं काट्यांचा खरा आकडा तोंडावर सांगणाऱ्या माणसाने खाली मातीकडे पाहिलं.

“बरं होतं,” तो म्हणाला. “पण रिकामी गाडी काय, कुणीही चालवतं.”

तिचं हसू गेलं. लगेच नाही गेलं, थोडं थोडं करून गेलं. “तेही खरंच,” ती म्हणाली. “मग वजन घेऊन अजून करू या. बसा.”

तो बसला. खोका मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी आवळून धरला, म्हणजे थाप मारायला हातच राहिला नाही. डावा पाय त्याने पायदानावर दाबून ठेवला, इतका की मांडी थरथरायला लागली. शनिवारी तसंच, रविवारीही तसंच. तो तोंडातून एक शब्द काढत नव्हता आणि हे न बोलणं त्याला बोलण्यापेक्षा जड जात होतं. गाडी सुरळीत चालली. एखादा गिअर बिघडला तर तो खरोखर तिचाच बिघडायचा, आणि ती स्वतःशी पुटपुटून पुढचा नीट टाकायची. तिला वाटलं, सरावाने जमलं. तसं ती दोनदा म्हणालीही. काटेवाला मूग गिळून बसला.

सोमवारी तिने दवाखान्यातून रजा घेतली. कारखाना गावाबाहेर, टेकडीवर. चढाला लागल्यावर चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा असं खाली यायचं होतं, आणि ते वर जाण्यापेक्षा अवघड. एका वळणावर समोर पाण्याचा टँकर आला, तिने घाईत दुसरा टाकला आणि गाडी जोरात आचके देत गेली. खोक्यात खुळखुळलं. काटेवाल्याच्या तोंडात शब्द अगदी तयार होते, त्याने दात आवळले. पुढच्या वळणावर तिने आधी रेसला जरासा झटका दिला, मग गिअर टाकला, आणि गाडी हुं की चूं न करता वर चढली. हे त्याने शिकवलं नव्हतं. हे फ्रिजवरच्या कागदावर कुठेच नव्हतं. तिने इंजिनाचं ऐकून आपलं आपण शोधलं होतं.

नऊला दहा मिनिटं असताना ते कारखान्याच्या दारात पोचले. दारावरचा पहारेकरी जुना, चौदा वर्षांच्या ओळखीचा. त्याने नोंदवही पुढे केली. गाडी क्रमांक, चालक, सोबत, काम. काटेवाल्याने आजवर चालक या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि सोबत या रकान्यात रेघ मारली होती. सवयीने पेन चालकाच्या रकान्यावर गेलं. तिथे तो थांबला, आणि मग त्याने बायकोचं नाव लिहिलं. स्वतःचं शेजारच्या रकान्यात.

पहारेकऱ्याने वही वळवून वाचलं, काठीकडे पाहिलं आणि आपुलकीने विचारलं की पाय बरा झाला की पुढच्या वेळी पुन्हा तुम्हीच येणार ना गाडी घेऊन.

बायको दोन पावलांवर हेल्मेटचा पट्टा सोडत होती. ‘हो, बघू’ म्हणून सुटता आलं असतं. तिथे कुणी डॉक्टर नव्हता, एक्स-रे नव्हता.

“नाही,” काटेवाला म्हणाला. “पाऊल आता वाकणार नाही. गाडी यापुढे हीच चालवणार.”

बायकोचा हात पट्ट्यावरच राहिला. पहारेकऱ्याने चुकचुक केलं, शिक्का मारला आणि आत सोडलं. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांपर्यंत दोघं त्याच्या लंगड्या चालीने चालली.

“कधी सांगितलं डॉक्टरांनी?” तिने विचारलं.

“दोन महिने झाले.”

“म्हणजे मला गाडीवर बसवायच्या आधीच.”

“हो.” मग एवढं बोललोच आहोत तर उरलेलंही, असं ठरवून त्याने भराभर सांगून टाकलं की टकरा त्याच्यामुळे होत होत्या, तिच्यामुळे नाही. थाप चुकीच्या वेळी पडत होती, पाय मागून उचलला जात होता, आणि शुक्रवारी ती एकटी चालवत असतानाच त्याला ते कळलं होतं. रिकामी गाडी कुणीही चालवतं, हे खोटं होतं. आता ती तडतडेल, चारचौघांत बोलेल, असं त्याला वाटलं. तो त्याची तयारीच करून उभा होता, बोलली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

ती मात्र हेल्मेट पोटाशी धरून पायऱ्यांकडे बघत राहिली.

“मी आरशासमोर उभी राहून ते एक-दोन-तीन-चार-पाच म्हणायचे,” ती म्हणाली. “दवाखान्यात फोन घेतानासुद्धा टेबलाखाली पाऊल उचलायचे. मला वाटलं, वय झालं, आता मला नवीन काही येणार नाही.”

वरच्या दारात प्रयोगशाळेच्या बाई आल्या आणि म्हणाल्या की या, काटे मांडून ठेवलेत. काटेवाल्याने खोका काखेत घेतला, काठी सावरली आणि पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. तिथेच थांबून त्याने मागे वळून पाहिलं. ती खालीच उभी होती.